जहाजातला ज

आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात सात रकाने होते. व्याकरण, शब्दसंग्रह, ऐकून समजणं, बोलण्याचा वेग, आवाजाचा चढउतार, सौजन्य आणि शेवटचा एम.टी.आय. म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स. उमेदवाराच्या इंग्रजीतून त्याची मातृभाषा किती डोकावते ते मोजायचं. पहिल्या सहा रकान्यांत मार्क द्यायचे, सातव्यात कापायचे. पाच वर्षं मी तो रकाना भरला. पगार घेऊन.

२०११ मध्ये नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली आणि त्याच्यामागोमाग मी गेले. इंग्रजीत एम.ए., शिकवायची थोडी सवय आणि बंगालीचं अक्षरही येत नाही, एवढ्या भांडवलावर सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका कॉल सेंटरात 'व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर' म्हणून लागले. बंगाली न येणं ही तिथं पात्रता ठरली. मुलाखत घेणारे गृहस्थ स्वतः बंगालीच. म्हणाले, "उत्तम. म्हणजे तुम्हाला त्यांची दया येऊन तुम्ही बंगालीत बोलायला लागणार नाही."

ग्राहक सगळे ब्रिटनमधले, तक्रारी विजेच्या बिलाच्या. आणि फोन उचलणारी मुलंमुली सगळी पदवीधर. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., एखादा एम.ए. सुद्धा. पंचवीस जणांच्या तुकडीतले वीसेक जण हाबडा, बनगाँव, कृष्णनगर, बारुईपूर अशा ठिकाणांहून लोकलनं यायचे, बिधाननगर रोडला उतरून ऑटोत कोंबून घ्यायचे. उरलेले चार-पाच दक्षिण कोलकात्याचे, इंग्रजी माध्यमातले. वर्गात कुणी सांगितलेलं नसताना पहिल्याच दिवशी हे दोन गट खिडकीपाशी आणि दारापाशी असे वेगळे बसायचे. दारापाशी बसणारे स्वतःची ओळख करून देताना नावाच्याही आधी एक गोष्ट सांगून मोकळे होत. "म्याम, आमि बांग्ला मीडियम." डॉक्टरला आधीच सांगून ठेवावं ना, मला पेनिसिलिन चालत नाही, तसं.

त्यांच्यातलाच एक हाबड्याचा मुलगा. इतिहासात ऑनर्स. पहिल्या दिवशी उभा राहिला, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, बरं वाटत नाहीये. मग बसला. मी वहीत लिहिलं : शांत, बुजरा, आत्मविश्वास कमी.

दुपारी कँटीनमध्ये गेले तर एका टेबलाभोवती आठ-दहा जण पोट धरून हसत होते आणि मधोमध हा. कुणाची तरी नक्कल चालली होती. शब्द मला कळत नव्हते, पण बोलता बोलता हवेत खडू धरल्यासारखी उजव्या हाताची चिमूट करायची सवय कुणाची आहे ते कळलं. माझी. मला पाहताच सगळे ताटात बघायला लागले. मी ताट घेऊन दुसरीकडे बसले आणि वहीतलं वाक्य खोडलं. जो माणूस तीन तासांत अनोळखी बाईची चिमूट उचलतो तो बुजरा नव्हे. तो इंग्रजीत बुजरा आहे. एवढा टवाळ, तल्लख मुलगा इंग्रजीच्या उंबऱ्यात आला की पोस्टाच्या खिडकीमागचा कारकून होऊन जातो. पुढे पाच वर्षं मी हेच पाहत राहिले. त्यांचं इंग्रजी मला कधी फारसं कमी वाटलं नाही. कमी पडायचे ते स्वतः, इंग्रजीत शिरल्यावर.

कारण कागदावर ही मुलं पक्की होती. लेखी चाचणीत भूतकाळाचे प्रकार मी मुद्दाम अवघड घातले होते. दारापाशी बसणाऱ्यांनी एकही चूक केली नाही, खिडकीपाशी बसणाऱ्यांनी बऱ्याच केल्या. मी आश्चर्य दाखवल्यावर दारापासच्या सगळ्यांनी एका सुरात एक वाक्य म्हणून दाखवलं : डॉक्टर येण्यापूर्वीच रोगी मरण पावला. बंगालच्या घराघरात पाठ असलेलं हे भाषांतराचं वाक्य. आपल्याकडे तर्खडकरांच्या पाठमालेनं ज्या पिढ्या घडवल्या त्यांना हा प्रकार समजेल. तिथं तो रोगी पिढ्यान्‌पिढ्या मरतोय आणि डॉक्टर वेळेवर येत नाही. गंमत म्हणजे मूळ बंगाली वाक्य साधू भाषेत आहे. 'आसिबार पूर्बे'. असं आज कुणीही बोलत नाही, ती जुनी ग्रंथांतली बंगाली. म्हणजे ज्या भाषेतून भाषांतर करायचं ती त्यांची नव्हे आणि ज्या भाषेत करायचं तीही नव्हे. दोन परक्या गावांच्या मधे पूल बांधत यांचं बालपण गेलं आणि पूल मजबूत झाला, यात नवल नाही. त्याच्यावरून चालून कुठं जायचं, एवढंच कुणी सांगितलं नाही.

हळूहळू मला बंगाली कळायला लागली आणि दोन शब्द फार ऐकू यायला लागले. एक 'काँचा'. म्हणजे आपला कच्चा. 'इंग्रेजिते काँचा', इंग्रजीत कच्चा. हे मुलाच्या आईनं शेजारणीला सांगायचं वाक्य, पण मुलं स्वतःबद्दल तेच सांगत. दुसरा 'ट्यांश'. हा साहेबी ऐट करणाऱ्या बंगाल्यासाठी. बंगालीत बोलताना अधूनमधून इंग्रजी फेकणारी, भात काट्याचमच्यानं खाणारी माणसं ट्यांश. आता बघा, बोलला नाही तर काँचा, बोलला तर ट्यांश. बावीस वर्षांच्या मुलानं या दोन शब्दांच्या मधली नेमकी कोणती फट शोधायची? हाबड्याच्या मुलानं एकदा लोकलमध्ये सरावासाठी मित्राशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला. समोरच्या बाकावरचे काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "ब्रिटिश तो चोले गेछे, बाबा." ब्रिटिश तर गेले रे बाबा. डबा हसला. त्यानंतर त्यानं ट्रेनमध्ये तोंड उघडलं नाही.

या फटीमागे सरकारी धोरणाचाही हात आहे. १९७७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेवर आली आणि ऐंशीच्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं गेलं. मातृभाषा म्हणजे मातृदुग्ध, हे रवींद्रनाथांचं वचन तेव्हा घोषणेसारखं वापरलं गेलं. हेतू वाईट नव्हता. खेड्यातलं पोर इंग्रजीला घाबरून शाळा सोडतं, त्यानं निदान आपल्या भाषेत लिहायला-वाचायला शिकावं, हा विचार मला आजही पटतो. पण ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी मुलांना खासगी इंग्रजी शाळांत घातलं आणि सरकारी शाळेत उरले ते बाकीचे. इंग्रजी पहिलीपासून परत आलं ते २००४ मध्ये. माझ्या पहिल्या तुकड्यांतली मुलं बरोबर त्या मधल्या काळातली. यांच्या घरी अजून टोमणा चालतो की तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः सेंट झेवियर्स, प्रेसिडेन्सी आणि लंडन करून बॅरिस्टर झाले होते. एका मुलीचे वडील पक्षाचे जुने कार्यकर्ते. ती म्हणाली, "बाबांशी या विषयावर आम्ही घरी बोलत नाही. ते त्या निर्णयाच्या बाजूनं मोर्चात गेले होते. आता माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी पण तेच भरतात."

फीचा विषय निघाला म्हणून सांगते, त्या मुलांना सुरुवातीला महिना दहा हजारांच्या आसपास मिळायचे. रात्रपाळी. आपल्या इतिहासाच्या ऑनर्सचं काय झालं, हा प्रश्न कुणी विचारत नसे. शाळामास्तरकीच्या परीक्षेची वाट बघत मधली वर्षं इथं काढायची, असंच बहुतेकांनी ठरवलेलं.

खिडकीपाशी बसणाऱ्यांचं बरं चाललं होतं असं समजू नका. बालीगंजची एक मुलगी होती, इंग्रजी अस्खलित. तिच्या आजीनं मरण्यापूर्वी तिला एक लांबलचक पत्र लिहून ठेवलं होतं. बंगालीत. शाळेत तिची दुसरी भाषा हिंदी होती, त्यामुळे तिला बंगाली बोलता येई, वाचता येत नसे. पत्र आईकडून वाचून घ्यायचं तिला नको होतं, कारण त्यात आईबद्दल काहीतरी असणार असा तिचा संशय. दोन वर्षं तिनं ते पाकीट पर्समध्ये घेऊन हिंडवलं. शेवटी एके दिवशी कँटीनमध्ये तिनं ते दारापाशी बसणाऱ्या कृष्णनगरच्या मुलीसमोर ठेवलं. दोघी जिन्यात जाऊन बसल्या. पत्रात काय होतं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण त्यानंतर दोघी एका बाकावर बसायला लागल्या, आणि कृष्णनगरची तिला रोज पाच अक्षरं शिकवायची. बदल्यात काय, तर फोनवर बोलताना ती शेजारी बसायची.

बंगाल्यांना मुळात दोन नावं असतात. एक भालो नाम, कागदावरचं. एक डाक नाम, घरच्यांनी हाक मारायचं, बुबाई, टुबाई, खोका असलं. आडनावाचंही तसंच. मूळ बंद्योपाध्याय, साहेबाच्या तोंडी बॅनर्जी. मुखोपाध्याय आणि मुखर्जी, चट्टोपाध्याय आणि चॅटर्जी. एकाच घरात बापाचं एक आणि लेकाचं दुसरं असू शकतं, आणि माध्यमिकच्या ॲडमिट कार्डावर जे छापलं ते जन्माला चिकटतं. आमच्या कंपनीत तिसरं नाव मिळायचं, फोनवरचं. ॲलेक्स, केविन, सँड्रा. मला ते फार अपमानास्पद वाटलं होतं, मी वरिष्ठांशी त्यावरून वादही घातला. मुलांना काहीच वाटलं नाही. "घरी वेगळा, शाळेत वेगळा, फोनवर वेगळा," हाबड्याचा मुलगा खांदे उडवून म्हणाला, "शर्ट बदलतो ना आपण?" ते इतकं सहज म्हणाला की माझ्या वादाची हवाच गेली. आज मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, तो जे म्हणाला ते संपूर्ण खरं नव्हतं. डाक नाम त्यानं ऑफिसात कधी कुणाला कळू दिलं नाही. तो शर्ट बदलायचा नव्हता.

वर्गातल्या चुकांमध्ये मला भाषेची गंमत दिसायला लागली तशी मी मार्क कापायला कचरायला लागले. उदाहरणार्थ 'माय सिस्टर, ही इज अ नर्स'. बहीण पुल्लिंगी कशी होते? बंगालीत तो आणि ती असा भेदच नाही, दोघांनाही 'शे'. क्रियापदालाही लिंग नाही. आपण मराठी माणसं टेबलालासुद्धा लिंग देतो, त्यामुळे मला हे पचायला वेळ लागला. ऱ्हस्व आणि दीर्घ लिहिण्यात आहेत, बोलण्यात नाहीत, म्हणून शिप आणि शीप एकाच गोठ्यात. व्ही नाही, म्हणून 'भेरी भेरी गुड'. मी शिकवायची, "ओठ मिटू नका, वरचे दात खालच्या ओठावर टेकवा." एक दिवस बालीगंजची मुलगी हळूच म्हणाली, "म्याम, तुम्ही व्हेस्ट आणि वेस्ट सारखंच म्हणता." मी दोन्ही म्हणून पाहिले. खरंच की. आपल्या एका व मध्ये इंग्रजीचे दोन्ही. माझ्या एम.टी.आय.चे मार्क कुणी कापले नव्हते, कारण तक्ता माझ्या हातात होता.

त्या दिवसापासून एक अलिखित व्यवहार ठरला. मी त्यांचं इंग्रजी सुधारायचं, त्यांनी माझी बंगाली. मी 'जल' म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "जॉल, दीदी, जॉल!" म्यामची दीदी झाले ती तिथं. मी पाणी पिते म्हणायची, ते म्हणायचे पाणी खायचं असतं, सिगारेटही खायची असते. ते पोट धरून हसायचे आणि मला अजिबात वाईट वाटत नसे. का वाटत नसे, याचा विचार मी फार नंतर केला. माझी बंगाली मोडकी असली तरी माझं घरभाडं त्यावर अडलेलं नव्हतं. त्यांना कुणी हसलं की महिन्याचे दहा हजार हलत.

एका रविवारी तुकडीतले चौघे मला मल्लिकबाजारजवळच्या लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत घेऊन गेले, मायकेल मधुसूदन दत्तांची कबर दाखवायला. हा माणूस हिंदू कॉलेजात शिकला, इंग्रजी कवी व्हायच्या ध्यासानं पेटला, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, मद्रासला जाऊन इंग्रजीत काव्य लिहिलं, आणि मग बंगालीकडे परतून त्या भाषेचं काव्य बदलून टाकलं. कबरीवर त्यांनी स्वतःच रचून ठेवलेल्या ओळी आहेत, वाटसरू, तुझा जन्म वंगदेशी झाला असेल तर क्षणभर थांब, अशा अर्थाच्या. माझा नव्हता झाला, पण थांबले. बरोबरची एक मुलगी भारावून सांगत होती की बंकिमचंद्रांचंही तसंच, कलकत्ता विद्यापीठाचे १८५८ चे पहिले दोन पदवीधर, त्यांतले एक ते. पहिली कादंबरी इंग्रजीत आणि मग पुढं सगळं बंगालीत. शेवटी सगळे मातृभाषेकडे परत येतात, असं तिचं म्हणणं.

हाबड्याचा मुलगा कबरीच्या कठड्याला टेकून शेंगदाणे सोलत होता. "परत यायला आधी जावं लागतं," तो म्हणाला. "ते जाऊन आले. मी अजून बिधाननगर स्टेशनवरच आहे."

त्याच विद्यापीठात पदवीदान समारंभाचं भाषण पहिल्यांदा बंगालीत झालं ते १९३७ मध्ये, रवींद्रनाथांनी केलं. स्थापनेला तोवर ऐंशी वर्षं झाली होती. आणि तिथं बंगालीत बोलायला नोबेल मिळालेला माणूस लागला. मी हे त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघा, म्हणजे माझंच बरोबर."

ऑफिसात २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन साजरा व्हायचा. १९५२ मध्ये ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्या तारखेला युनेस्कोनं १९९९ मध्ये जागतिक मान्यता दिली. एच.आर.कडून मेल आला. इंग्रजीत. साडी किंवा पंजाबी कुर्ता घालून या, मातृभाषेचा अभिमान बाळगा. आणि कामाच्या हॉलमध्ये नेहमीची पाटी तशीच होती : इथं फक्त इंग्रजी, अन्यथा दहा रुपये दंड. त्या दिवशी साड्या नेसून आलेल्या मुलींनी मिळून एकशेचाळीस रुपये दंड भरला. मुद्दाम. मला ते आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही असं केलं. दंडाच्या डब्यातून संध्याकाळी सगळ्यांना सिंगाडा आला, म्हणजे आपला सामोसा.

आता त्या ज विषयी.

खातेक्रमांकात अक्षरं असायची आणि ती फोनवर 'जे फॉर ज्युलिएट', 'झेड फॉर झुलू' अशी सांगायची. बंगालीत झेडचा आवाज नाही, तिथंही ज येतो. हाबड्याचा मुलगा म्हणे, 'जेड फॉर जुलू'. ग्राहकाला ऐकू येई जे. दोन आठवड्यांत तीन खात्यांचा घोळ झाला आणि क्वालिटीवाल्यांनी त्याचं नाव लाल केलं. अजून एक चूक आणि घरी. मी सगळे उपाय केले. मधमाशीसारखी गुणगुण कर, स म्हणता म्हणता घशातून आवाज काढ, गळ्यावर हात ठेवून कंप बघ. ज ज ज. काही होईना. आपल्याकडे हा आवाज फुकटात आहे. लिहितो ज नं, पण जहाज, जरा, जागा म्हणा, जिभेवर तो आलाच. त्याला जहाज म्हणायला सांगितलं तर तेही जीवनातल्या ज नं म्हणाला.

रात्री अकराच्या सुट्टीत आम्ही खाली चहाच्या ठेल्यावर उभे होतो. त्याला घरून फोन आला. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून तो ओरडून बोलत होता. "आइज बाडी जामु ना! जामु ना आइज!" आज घरी येत नाही.

माझा चहा हातात तसाच राहिला. चारही ज जहाजातले होते.

"काय म्हणालास आत्ता? परत म्हण."

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी दीदी," म्हणाला, आणि वाक्य बदललं : "आज बाडी जाबो ना." सगळे ज पुन्हा जीवनातले. शुद्ध, प्रमाण, शाळेतली बंगाली. त्याला वाटलं मी त्याची चूक काढली.

मग ठेल्यावरच्या बाकावर सगळी गोष्ट बाहेर आली. आजी बरीसालची, म्हणजे आताच्या बांगलादेशातली. फाळणीनंतर या बाजूला आलेलं कुटुंब, बांगाल. हाबडा-अशोकनगर पट्टा अशा घरांनी भरलेला आहे. घरात आजी बरीसालची बोली बोलायची, हाही बोलायचा. शाळेत गेल्यावर तिसरी-चौथीत मास्तरांनी त्याला फळ्यासमोर उभं करून 'जामु' नव्हे 'जाबो', 'खामु' नव्हे 'खाबो' असं वीस वेळा म्हणायला लावलं होतं, वर्ग हसत होता. "बांगाल म्हणून चिडवायचे. मग मी ठरवलं, बाहेर कधीच तसं बोलायचं नाही. फक्त आजीशी. तिला दुसरं कळत नाही ना."

म्हणजे त्याच्या जिभेवर माझ्या तक्त्याच्या कितीतरी आधी एक तक्ता येऊन गेला होता. तोही मातृभाषेचा प्रभाव कमी करण्यासाठीच, फक्त तो बंगालीतून आजी काढत होता. जो आवाज मी चार आठवडे त्याच्या तोंडात घालायची धडपड करत होते तो मास्तरांनी छडी न उचलता बाहेर काढला होता.

"जामु मधला ज घे," मी म्हटलं, "आणि त्याच्यापुढं उलू लाव."

"ज... जामु... झुलू." त्यानं माझ्याकडं पाहिलं. ठेलेवाल्याकडं पाहिलं. "झुलू. झेड फॉर झुलू. झिरो. झू." मग तो इतक्या मोठ्यानं हसला की पलीकडच्या इमारतीचा वॉचमन बघायला आला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, बांगाल घरातले कोण कोण? आधी कुणी हात वर करेना. मग एक, दोन, आणि दारापासचे जवळजवळ सगळे. तासाभरात त्या सगळ्यांचा झेड लागला. कोणी आजीला आठवत होतं, कोणी मावशीला, कोणी इलिश मासे विकणाऱ्या ओळखीच्या माणसाला. खिडकीपाशी बसणाऱ्यांतही झेड न येणारे दोघे होते, घरचे पक्के घटी, म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे. त्यांना मात्र बोलीचा आधार नव्हता, ते मधमाशीसारखे गुणगुणत बसले. त्या वर्गात पहिल्यांदाच हाबड्याचा बाक बालीगंजला शिकवत होता. मी त्या दिवशी काहीही शिकवलं नाही, चिमूट खाली ठेवली आणि ऐकत बसले.

महिनाअखेरीस तक्ता भरताना मी त्याच्या सातव्या रकान्यात अधिक दोन लिहिले. संगणकानं घेतले नाहीत. तिथं शून्य ते उणे पाच एवढीच सोय होती. मी फोन करून विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, मॅडम, तो रकाना तसा नाहीये.

२०१६ मध्ये आम्ही कोलकाता सोडलं. हाबड्याच्या मुलाला पुढे दुसऱ्या कंपनीत ट्रेनरचीच नोकरी लागली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठी आणि बंगाली या दोघींनाही एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याचा मेसेज आला, रोमन अक्षरांत बंगाली : दीदी, आपण दोघं आजपासून क्लासिकल. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मग फोनच केला त्यानं. मुलगी पाच वर्षांची झाली, इंग्रजी शाळेत घातलीय. शाळेनं फॉर्म पाठवलाय, दुसरी भाषा हिंदी की बंगाली, एकावर खूण करा. बायको म्हणते हिंदी, पुढं उपयोग आहे, बंगाली काय घरी येतेच. तो म्हणतो बंगाली. दोन दिवस घरात अबोला आहे.

"आणि आजी काय म्हणतात?" मी विचारलं. म्हातारी नव्वदीच्या पुढे गेलीय.

"तिला विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, दोन्ही पैकी आमची कुठं आहे त्यात?"